कर्त्याचे मौन : शास्त्रीय मराठी गद्याच्या आवाजाविषयी

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम ही वसाहत वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. रामकृष्ण परमहंसांच्या नावाने वसलेल्या या भागात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची घरे आणि लांबलचक सरकारी कचेऱ्या आहेत. परंतु तेथील पश्चिमी खंड क्रमांक ७ या इमारतीचा पत्ता भारतीय भाषांच्या विद्यापीठीय पुस्तकांशी जवळचा संबंध राखून आहे. केंद्रीय हिंदी निदेशालय आणि वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग या दोन संस्थांचे काम अनेक दशके याच पत्त्यावरून चालले. आयोगाची स्थापना १ ऑक्टोबर १९६१ रोजी झाली. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक दौलतसिंह कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते.

या स्थापनेमागच्या घटनाक्रमात एक मराठी नावही आहे. राज्यघटनेच्या ३४४ व्या अनुच्छेदानुसार १९५५ साली जो राजभाषा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. खेर आयोगाच्या अहवालावर संसदीय समितीने विचार केला आणि २७ एप्रिल १९६० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने परिभाषेसाठी स्थायी आयोग नेमण्याचे ठरले. हेतू स्पष्ट होता. आधुनिक ज्ञान भारतीय भाषांत यावयाचे, तर त्यासाठी निश्चित अर्थाचे शब्द हवेत, आणि ते शक्य तेवढे सर्व भारतीय भाषांना समान असावेत. मूलद्रव्यांची व संयुगांची नावे, मापनाची एकके, व्यक्तिनामांवरून आलेल्या संज्ञा, वनस्पती व प्राणी यांची द्विनाम पद्धतीची नावे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवावीत. संकल्पनावाचक शब्दांचे मात्र भाषांतर करावे. नवे शब्द घडविताना संस्कृत धातूंचा आधार घ्यावा. ‘तार’, ‘डाक’ यांसारखे रुळलेले शब्द सोडू नयेत, अशी तत्त्वे आयोगाने स्वीकारली. ही तत्त्वे समंजस होती. संस्कृतप्रचुर नवशब्दांच्या आग्रहासाठी प्रसिद्ध असलेले, लाहोर सोडून काही वर्षे नागपुरास कार्य केलेले डॉ. रघुवीर यांच्या मार्गापेक्षा हा मार्ग अधिक सामोपचाराचा होता.

शब्दांचा प्रश्न अशा रीतीने मार्गी लागला. पण शास्त्रीय लेखन केवळ शब्दांनी होत नाही, ते वाक्यांनी होते. ‘घनता’, ‘त्वरण’, ‘उत्क्रांती’ हे शब्द समितीला ठरविता येतात. ते ज्या वाक्यात बसावयाचे त्या वाक्याचा कर्ता कोण, तो दिसावा की लपावा, आणि लपला तर त्याने केलेल्या विधानाची जबाबदारी कोणी घ्यावी, हे समितीला ठरविता येत नाही. ते त्या भाषेच्या गद्यपरंपरेतून ठरते. शास्त्रीय मराठीचा अवैयक्तिक आवाज कसा घडला, हा प्रश्न म्हणूनच परिभाषेच्या प्रश्नाहून निराळा आहे. मराठीत या दोहोंची सतत गल्लत होत आली आहे.

*

व्यक्तिनिरपेक्ष लेखन ही इंग्रजीची देणगी होय, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. इंग्रजी शास्त्रीय लेखनाचा आरंभ व्यक्तिनिरपेक्ष नव्हता. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल आणि रॉयल सोसायटीच्या वर्तुळातील त्याचे समकालीन प्रयोगांची हकिगत प्रथमपुरुषी सांगत. अमुक दिवशी मी हे भांडे घेतले, त्यातील हवा काढली, मला असे दिसले, अशी त्या कथनाची ठेवण असे. पाहणारा माणूस विश्वासार्ह आहे, याची ग्वाही म्हणून तेथे ‘मी’ आवश्यक होता. कर्ता लोपलेली वाक्ये ही शास्त्रीय लेखनाची प्रमाण शैली झाली, ती बरीच पुढे. शास्त्र हा व्यवसाय झाल्यावर.

उलट, मराठीपाशी कर्ता बाजूला ठेवण्याची साधने फार पूर्वीपासून आहेत. प्राचीन मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘देइजे’ अशी क्रियापदांची रूपे होती. पुढील व्याकरणकारांनी त्यांना पुराणकर्मणी असे नाव दिले. ‘जाणिजे’ हे त्यांतलेच रूप होय. शिवकालीन व पेशवेकालीन राजपत्रांच्या शेवटी ते शतकानुशतके उमटत राहिले. ही रूपे आज लोपली असे म्हटले जाते, तथापि त्यांचे दोन अवशेष प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी दररोज येतात. ‘पाहिजे’ हा त्यांतला एक. दुसरा ‘म्हणजे’. ‘म्हणिजे’, अर्थात ‘म्हटले जाते’, हे जुने कर्मणी रूप झिजून हे अव्यय झाले. व्याख्या करताना मराठी लेखक ज्या शब्दाशिवाय पाऊल टाकू शकत नाही, तो शब्दच मुळात एक कर्ता नसलेले वाक्य आहे.

दुसरे साधन नपुंसकलिंगाचे. ‘असे आढळले’, ‘असे दिसून आले’, ‘असे मानावे लागते’ या वाक्यांतील क्रियापद कोणाच्याही लिंगवचनाला बांधलेले नाही. हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने हेच काम तिला पुल्लिंगी रूपाने करावे लागते. आंतरराष्ट्रीय संज्ञा हिंदीत साधारणतः पुल्लिंगी योजाव्यात, असा नियम आयोगाला करावा लागला, तो याच कारणाने. मराठीला ती अडचण नव्हती. भावे प्रयोगाने व नपुंसकलिंगी क्रियापदाने तिला एक तटस्थ भूमी आयतीच दिली होती.

तिसरे साधन संस्कृत शास्त्रग्रंथांचे. भाष्यकार स्वतःचे नाव घेत नाही, प्रतिपक्षाचेही घेत नाही. ‘केचित्’, ‘अपरे’ एवढ्यावर भागते. पण हे लेखन भोंगळ नाही. पूर्वपक्ष संपूर्ण मांडल्यावाचून सिद्धान्ताकडे जावयाचे नाही, ही तेथील शिस्त आहे. लेखक अदृश्य असतो, वाद मात्र पूर्णपणे दृश्य असतो. अवैयक्तिक लेखनाची ही कसोटी पुढे उपयोगी पडणार आहे.

*

एकोणिसाव्या शतकात मराठी शास्त्रीय गद्य नव्याने सुरू झाले, ते पाठ्यपुस्तकांतून. १८२० नंतरच्या दशकात मुंबईत कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तके मराठीत आली. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली ‘दर्पण’ आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ सुरू केले, आणि शून्यलब्धीसारख्या गणिताच्या कठीण शाखेवरही मराठीत पुस्तक लिहिले. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. मेजर कँडी यांनी शालेय पुस्तकांच्या भाषेवर देखरेख ठेवली आणि विरामचिन्हांची शिस्त मराठीत रुजविली. या सगळ्या लेखनाचा आवाज शिक्षकाचा आहे. तो विद्यार्थ्याला उद्देशून बोलतो. ‘आपण’, ‘पाहा’, ‘समजा’ हे शब्द त्याला लागतात. ज्ञान सिद्ध झालेले आहे, ते फक्त पोचवावयाचे आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. या गद्यात व्यक्ती दिसत नाही. तिने काही शोधून काढलेले नाही, हे त्याचे कारण होय.

वादाचे गद्य आले, तेव्हा व्यक्तीही आली. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी संपादकीय ‘आम्ही’ प्रतिष्ठित केला. तो ‘मी’हून अधिक भारदस्त आणि अधिक आक्रमक होता; त्यात एका वर्गाचा आत्मविश्वास बोलत होता. त्याच्या एकच वर्ष आधी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली होती. तिची रचना संवादाची आहे, आणि त्यात उत्तर देणाऱ्याचे नाव जोतीराव हेच आहे. इतिहासाविषयीचे विधान कोण करीत आहे, कोणत्या जागेवरून करीत आहे, हे त्यांनी ग्रंथाच्या घडणीतच उघड ठेवले. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हाही बोलणारी व्यक्ती स्त्री आहे, हे विसरणे वाचकाला अशक्य होते. या दोन ग्रंथांना पुढे दीर्घकाळ ‘शास्त्रीय’ समजले गेले नाही. त्याची कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक आवाजाचे आहे. ज्यांचे म्हणणे समाजात आधीच मान्य होते, त्यांना स्वतःचे नाव मागे ठेवणे परवडत होते. ज्यांचे म्हणणे प्रथमच मांडले जात होते, त्यांना बोलणारा कोण ते सांगावेच लागत होते.

या काळात वाक्याकडे शास्त्र म्हणून पाहिले, ते गोपाळ गणेश आगरकरांनी. ‘सुधारका’चा आरंभ आणि ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ या पुस्तकाचे प्रकाशन, दोन्ही १८८८ चीच. सामाजिक मतांसाठी आगरकर वाचले जातात. परंतु उद्देश्य व विधेय वेगळे करण्याची, कारण व कार्य यांच्यामधला दुवा तपासण्याची सवय त्यांनी मराठी गद्याला लावली, ही त्यांची तितकीच मोठी कामगिरी होय. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात पूर्वपक्षाची जुनी शिस्त आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्राची तुलना एकाच मांडणीत आणण्याचा यत्न आहे.

*

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन टोके एकाच वेळी दिसतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, आणि अस्सल कागदाविना इतिहास नाही, ही शिस्त महाराष्ट्राला लावली. त्यांच्या प्रस्तावनांची भाषा मात्र कमालीची व्यक्तिनिष्ठ आहे. तीत राग आहे, उपहास आहे, आत्मविश्वासाचा अतिरेकही आहे. पण राजवाडे कागद छापून पुढे ठेवतात आणि मग मत देतात. मत अमान्य करणाऱ्या वाचकाच्या हाती त्यांनीच पुरावा दिलेला असतो. त्यांच्या अनेक निष्कर्षांचे खंडन पुढील संशोधकांनी त्यांच्याच साधनांच्या आधारे केले, यात या पद्धतीचे यश आहे. वस्तुनिष्ठता शैलीत नसून व्यवहारात असते, याचे हे उदाहरण होय.

दुसरे टोक श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड १९२० ते १९२९ या काळात पुरे केले. कोश हा अवैयक्तिक लेखनाचा सर्वांत कठोर प्रकार. तेथे लेखकाला आवड-निवड असता कामा नये. तरीही या कामाविषयी त्यांनी १९२७ साली जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम’. पैसा कसा उभारला, माणसे कशी जमविली, काय साधले, काय बिघडले, याचा तो हिशेब आहे. ज्या गृहस्थाने हजारो पृष्ठांतून ‘मी’ वर्ज्य केला, त्याला तो ‘मी’ एका वेगळ्या जागी, हिशेब देण्यासाठी, परत आणावासा वाटला. अवैयक्तिक ग्रंथामागे उत्तरदायी व्यक्ती असली पाहिजे, ही जाणीव त्यात आहे.

हीच जाणीव मराठी विश्वकोशाने संस्थात्मक केली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून या कोशाचे काम चालले. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ साली आणि पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. नोंदीचे अंग पूर्णतः तटस्थ, आणि नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव, ही त्याची पद्धत. वाक्यातून कर्ता गेला, पण पानावरून गेला नाही.

*

मग बिघडले कोठे? स्वातंत्र्योत्तर काळात मराठीला दोन नवी कामे एकदमच मिळाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा ठरली. शासनाची मराठी घडवावी लागली. त्याच सुमारास विद्यापीठांतून मराठी माध्यम येऊ लागले. कोठारी यांच्याच अध्यक्षतेखालील १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाने प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षणाचा पुरस्कार केला. केंद्राच्या अर्थसाहाय्याने राज्याराज्यांत विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीची यंत्रणा उभी राहिली. महाराष्ट्रात ते काम नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळाकडे आले. शासनाची मराठी आणि ज्ञानाची मराठी यांची घडण एकाच काळात, पुष्कळदा एकाच वर्गाच्या हातून, एकाच परिभाषाकोशांच्या आधारे झाली.

परिणामी कचेरीचा आवाज वर्गात शिरला. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते’ हे कचेरीचे वाक्य आहे. तेथे कर्ता लपतो, आणि ते योग्यच आहे. आदेश पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो. पण ‘या कादंबरीस मराठीतील श्रेष्ठ कृती मानण्यात येते’ हे वाक्य जेव्हा प्रबंधात येते, तेव्हा तेथे कोणतेच पद नसते. कोणी मानले, केव्हा, कोणत्या निकषाने, हे विचारण्याची वाट त्या वाक्याने बुजविलेली असते. हिंदीच्या आणि इंग्रजीच्या दुहेरी दाबाने ‘केले गेले’, ‘मानले गेले’, ‘त्यांच्याकडून लिहिले गेले’ अशा रचनांचा सुळसुळाट झाला. यालाच व्याकरणकार नवीन कर्मणी म्हणतात. ‘असे दिसते’ हे तटस्थ आणि सुटसुटीत वाक्य हाताशी असताना ‘असे पाहिले गेले आहे’ लिहिणे, हा परिभाषेचा दोष नव्हे. आर. के. पुरमच्या कोशांनी ते वाक्य दिले नव्हते. ते अनुकरणातून आले.

यातील भेद बारीक असला तरी मूलभूत आहे. ‘द्रावण तापविले असता त्याचा रंग पालटतो’ या वाक्यात कर्ता नाही, कारण तापविणारा कोणीही असला तरी रंग पालटेल. कर्त्याचा लोप हीच येथे विधानाची ग्वाही आहे. ज्याला शंका असेल त्याने स्वतः तापवून पाहावे. ‘या जातीचे लोक अप्रामाणिक समजले जात’ या वाक्यातही कर्ता नाही. परंतु येथे समजणारा कोण, हेच तर ज्ञान आहे. तो शब्द गाळला की एका समूहाचा पूर्वग्रह वस्तुस्थितीच्या वेषात उभा राहतो. वसाहतकालीन गॅझेटियरांच्या इंग्रजीत अशी वाक्ये विपुल होती, आणि अवैयक्तिक शैलीच्या नावाखाली ती मराठीतही उतरली. फुले यांनी बोलणाऱ्याचे नाव ग्रंथात का ठेवले, याचा उलगडा येथे होतो. पहिल्या प्रकारचे मौन विधानाला तपासणीसाठी खुले करते, दुसऱ्या प्रकारचे मौन ते तपासणीच्या पलीकडे नेते. दोहोंना एकच नाव देण्यात आले, आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना ‘मी लिहू नये’ एवढाच नियम शिकविला गेला.

नियम असा कोरडा झाला की त्याची पळवाटही कोरडीच निघते. ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’ हा प्रयोग त्यांतला. त्यात ‘मी’ आहेच, त्याने केवळ अंगरखा बदलला आहे. प्रबंधांतून याचा एवढा प्रसार झाला की, लेखक स्वतःचे मत सांगत आहे की दुसऱ्याचे, हे पृष्ठभर वाचूनही कळू नये अशी स्थिती काही ठिकाणी आली.

याला अपवाद झाले नाहीत असे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे काम केलेल्या इरावती कर्वे यांचे मानववंशशास्त्रीय मराठी लेखन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. मोजमापे, नातेसंबंधांच्या याद्या, प्रदेशांची तुलना हे सर्व त्या सरळ, तटस्थ वाक्यांत मांडतात. निष्कर्ष स्वतःचा असतो तेथे तो स्वतःचा म्हणून सांगतात. साहित्य अकादमीचा १९६८ चा पुरस्कार मिळालेल्या ‘युगान्त’मध्ये महाभारताच्या पाठाचा अभ्यास आणि पात्रांविषयीचे वैयक्तिक आकलन शेजारी-शेजारी आहे, पण पुरावा कोठे संपतो आणि आकलन कोठे सुरू होते, याविषयी वाचकाची फसवणूक नाही. दुर्गा भागवत यांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ आणि ‘ऋतुचक्र’ ही अगदी भिन्न आवाजांची पुस्तके एकाच दशकात लिहिली. कोणत्या विषयाला कोणता आवाज, याचा विवेक त्यांना होता. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने १९७४ मध्ये दाखवून दिले की, अत्यंत अमूर्त तात्त्विक युक्तिवाद मराठी वाक्याला न मोडता मराठीत करता येतो. या तिघांपैकी कोणाचीही भाषा कचेरीची नाही.

*

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाचा जुनाच संकल्प नव्याने मांडला. आयोगाचे शब्दसंग्रह आता संगणकावर उपलब्ध आहेत. एके काळी ग्रंथालयात जाऊन शोधावा लागणारा पर्याय आज क्षणात सापडतो. शब्दांची उणीव ही सबब म्हणून यापुढे फारशी टिकणारी नाही. अशा वेळी पाठ्यपुस्तके घाईने भाषांतरित होतील आणि त्यांच्याबरोबर ‘केले गेले’ची वाक्येही लाटेसारखी येतील, हे भय निराधार नाही.

त्यावर उपाय नवा कोश नव्हे. मराठी शास्त्रीय गद्याने स्वतःच्या इतिहासाकडून शिकण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण ठाम आहेत. भाष्यकाराची ही की, प्रतिपक्ष पूर्ण मांडावा. राजवाड्यांची ही की, मताआधी कागद ठेवावा. विश्वकोशाची ही की, तटस्थ नोंदीखाली नाव असावे. आणि फुले व ताराबाई यांची ही की, ‘समजले जाते’ असे लिहिण्यापूर्वी समजणारा कोण, हे विचारावे. यांपैकी काहीही परकीय नाही, आणि कशासाठीही परवानगी लागत नाही.

आर. के. पुरमच्या त्या इमारतीत वर्षानुवर्षे तज्ज्ञांच्या बैठकी भरल्या, एकेका संज्ञेवर वाद झाला, आणि शेवटी छापलेल्या कोशाच्या पानावर शब्दापुढे फक्त शब्द उरला. तो कोणी सुचविला, कोणी विरोध केला, हे तेथे नाही. कोशात ते असण्याचे कारणही नाही, कारण तो शब्द वापरून कोणालाही त्याची परीक्षा घेता येते. पण तोच शब्द जेव्हा वाक्यात जातो, तेव्हा तो कोणाचे तरी म्हणणे होतो. त्या म्हणण्याला धनी आहे की नाही, एवढे वाचकाला कळले, तर वाक्यात ‘मी’ असला काय आणि नसला काय, फारसे बिघडत नाही.